आफ्रिकन ग्रे पोपट माणसासारखा बोलतो कसा? आणि तो घरी आणण्याआधी काय माहीत हवं?

2015 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा पोलीस ठाण्यात चक्क एका पोपटाला हजर केलं गेलं. दारावरून जाताना तो आपल्याला शिव्या देतो, अशी एका वृद्ध बाईंची तक्रार होती. घरातल्या मालमत्तेच्या वादातून त्याला हे मुद्दाम शिकवलंय, असं त्यांचं म्हणणं. पण पोलिसांसमोर पोपटाने चोचच उघडली नाही! शेवटी त्याला वनविभागाच्या ताब्यात दिलं.

ही बातमी तेव्हा खूप गाजली. पण बोलण्याच्या बाबतीत सगळ्या पोपटांचा उस्ताद मानला जातो तो आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, लालभडक शेपटी, लांबी साधारण 33 सेंटिमीटर. मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली जंगलं.

पोपटाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे त्याचा ध्वनीचा अवयव असतो, त्याला सिरिंक्स म्हणतात. तिथे निघालेल्या आवाजाला जाड, मांसल जिभेने आकार दिला जातो.

पण तो बोलतो कशासाठी? ग्रे हा थव्यात राहणारा पक्षी. थव्यातल्या सोबत्यांशी तो सतत हाकांनी जोडलेला असतो. पिंजऱ्यात थवा नसतो, मग घरातली माणसंच त्याचा थवा बनतात आणि तो त्यांची 'भाषा' उचलतो. त्यात कुकरची शिट्टी आली, मोबाईलची रिंगटोन आली. भिवंडीजवळच्या दापोड्यासारख्या गोदामांच्या गावात तो ट्रक मागे घेतानाचा 'टीं-टीं' आवाज आधी शिकला तर नवल वाटायला नको. जोरात, भावनेच्या भरात बोललेले शब्द त्याला चटकन भावतात. शिव्या लवकर का शिकतो, हे आता कळलं असेल! इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या एका वन्यजीव उद्यानाने 2020 मध्ये पाच ग्रे पोपटांना लोकांच्या नजरेआड हलवलं. पाचही जण शिव्या द्यायचे आणि एकमेकांच्या शिव्यांना हसायचे.

तो नुसती नक्कल करतो का? याचं उत्तर शोधलं डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी. 1977 मध्ये त्यांनी शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा ग्रे घेतला. ॲलेक्स रंग, आकार, वस्तू ओळखून त्यांची नावं सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. दोन वस्तूंमध्ये वेगळं काय, हे विचारलं तर 'रंग' किंवा 'आकार' असं उत्तर द्यायचा. शिकवण्याची पद्धत साधी होती: त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांशी त्या वस्तूबद्दल बोलायची. नुसत्या रेकॉर्डिंगवरून मात्र त्यांचे ग्रे शब्द वापरायला शिकले नाहीत. तेव्हा मोबाईलवर 'हॅलो मिठू' लूपवर लावून ठेवणाऱ्यांनी जरा थांबावं.

रील्समध्ये न दिसणारा भाग इथे सुरू होतो. या पक्ष्याची समज लहान मुलाएवढी मानली जाते आणि पिंजऱ्यात तो 40 ते 60 वर्षं जगू शकतो. म्हणजे आज तिशीत असलेल्या माणसाच्या पश्चातही तो असेल. दिवसभर घर बंद आणि पक्षी एकटा, असं झालं की तो किंचाळतो, स्वतःची पिसं उपटतो. छाती उघडी पडलेले ग्रे पशुवैद्यांना नवीन नाहीत. आहारात नुसत्या सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर कॅल्शियम कमी पडून झटके येऊ शकतात. चॉकलेट, ॲव्होकॅडो तर विषच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

बोलण्याची हीच कला त्याच्या जिवावर उठली. पाळीव पक्ष्यांच्या बाजारासाठी जंगलातून इतके ग्रे पकडले गेले की घानामध्ये 1992 नंतर त्यांची संख्या 90 टक्क्यांहून जास्त घटली. 2016 मध्ये जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत त्याला परिशिष्ट 1 मध्ये टाकलं गेलं. त्यामुळे जंगलातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

भारतात काय? आपला देशी पोपट घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो झाडावरून पडलेलं पिल्लू असो की जत्रेतून आणलेला. आफ्रिकन ग्रे परदेशी असल्याने पाळता येतो, पण 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश 2.0' पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. त्यामुळे विक्रेता कागदपत्रांशिवाय, 'नंतर बघू' म्हणत पक्षी देत असेल, तर तो कितीही गोड बोलला तरी घेऊ नका. पोपट आणि विक्रेता, दोघांनाही हे लागू.