रिकाम्या कोनाड्याचा अर्थ

मशिदीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची नजर नकळत गाभारा शोधू लागते. सभामंडपातून अंतराळ, अंतराळातून गर्भगृह आणि तेथे मूर्ती, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीतील नक्षीदार कोनाडा दिसला की, हाच यांचा गाभारा, असे आपण समजून चालतो. या एका समजुतीने साऱ्या वास्तूचा अर्थ उलटा लागतो. आज आम्ही विचार करणार आहोत तो या कोनाड्याचा, म्हणजे मिहराबाचा.

मिहराब हे देवाचे स्थान नव्हे. ती दिशेची खूण होय. मक्केतील काबा ज्या बाजूस, ती किब्ल्याची बाजू. आपल्याकडून ती पश्चिमेस येते. प्रारंभीच्या मशिदींत असा खोलगट कोनाडा नव्हताच. उमय्यद खलिफा वलीद याच्या कारकिर्दीत, इ. स. ७०७ ते ७०९ च्या सुमारास, मदिनेची मशीद पुन्हा बांधली गेली, तेव्हा तो प्रथम आला, असे इतिहासकार मानतात. तो रिकामा असतो, आणि रिकामा असण्यातच त्याचा अर्थ आहे. नजर तेथे थांबावयाची नसते, पलीकडे जावयाची असते.

मग त्यात दिव्याची आकृती का कोरतात? कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची उपमा दिली आहे. तेथील शब्द ‘मिश्कात’ आहे, ‘मिहराब’ नव्हे. परंतु कारागिरांच्या मनात हे दोन कोनाडे एकत्र आले. चौदाव्या शतकात मामलुक सुलतानांच्या ईजिप्तमध्ये मशिदींत टांगावयाच्या काचेच्या दिव्यांवर हेच वचन लिहीत. दिवा लागला की अक्षरेच उजळत.

आता आपल्या शेजारच्या विजापुराकडे वळू. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने तेथील जामी मशिदीचे काम काढले. आतील भिंती व कमानी पांढऱ्या चुन्याच्या, जवळजवळ निरलंकृत. मधल्या नऊ खणांवर एकच मोठा घुमट आहे. घुमट म्हणजे आकाश, असे आपण सहज म्हणतो. पण येथे आधी गवंड्याचे गणित पाहावे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी घुमटाचा भार पेलला, म्हणून मधले खांब वगळता आले आणि जागा मोकळी झाली. प्रत्येक दगडाला गूढार्थ चिकटवण्याची घाई करू नये. जेथे लेखाची साक्ष आहे, तेथे मात्र अर्थ निःशंक सांगावा.

अशी साक्ष येथील मिहराबावर आहे. महंमद आदिलशहाच्या काळी, १६३६ च्या सुमारास, मलिक याकूत याने तो सोन्याने व रंगांनी मढवला. त्यावर मिनार, धूपपात्रे, फुलदाण्या आणि कोनाड्यांत ठेवलेले ग्रंथ चितारले आहेत. माणूस वा प्राणी एकही नाही. आणि एवढ्या वैभवात लेख कशाचे? हे जग चंचल आहे, आयुष्यावर भरवसा ठेवू नये, असे ते बजावतात. करविता स्वतःला सुलतानाचा दास म्हणवतो.

त्याच १६३६ साली निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. राज्य ऐन भरात होते. तरी पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले. मिहराबावरील लेख दरबाराने वाचला असेल, पण मानला नाही, असेच म्हणावे लागते.

मशिदीच्या फरशीवर नमाजासाठी सुमारे सव्वादोन हजार चौकटी आखलेल्या आहेत. त्या औरंगजेबाच्या हुकमाने आखल्या, असे सांगतात. प्रत्येकास सारखीच एक चौकट. सोन्याचा कोनाडा दिशा दाखवतो, आणि त्याच्यासमोर धन्याला व दासाला जागा तेवढीच. दोन्ही मिळून वाचल्याखेरीज या वास्तूचे वाचन पुरे होत नाही. विजापुरास जाल तेव्हा मान वर करून घुमट तर पाहालच. पायांखालच्या रेघाही पाहा.