उष्णतासह यीस्ट

उष्णतासह यीस्ट : सुमारे 40 अंश सेल्सिअस तापमानातही साखरेचा मद्यार्क करीत राहणारे किण्व. आसवन्यांत वापरली जाणारी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही जाती साधारण 30 ते 35 अंशांत उत्तम चालते. किण्वन मात्र स्वतःच उष्णता निर्माण करते. मळीचा वॉश (पाण्याने पातळ केलेली मळी) फेसाळू लागला की टाकी तापते, म्हणून तो प्लेट हीट एक्स्चेंजरमधून सतत फिरवावा लागतो. त्यासाठीचे पाणी कुलिंग टॉवरवर गार होते. उसाचे गळीत संपल्यावर साठवलेल्या मळीवर आसवनी चालू राहिली, तर हे काम एप्रिल-मेमध्ये येते. अकोला-बुलढाणा पट्ट्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टॉवर पाणी गार करतो, पण त्यातलेच काही वाफ करून. विहिरी आटलेल्या असताना होणारी ही तूट फार महाग आहे. म्हणून या यीस्टचे मोल मद्यार्काच्या उताऱ्याइतकेच वाचलेल्या पाण्यातही मोजले पाहिजे.

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात येन्स नील्सन यांच्या गटाने यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या सुमारे 40 अंशांत वाढवून टिकाऊ वाण निवडले (2014). त्या वाणांच्या ईआरजी3 जनुकात उत्परिवर्तन आढळले. त्यामुळे पेशीपटलात एर्गोस्टेरॉलऐवजी फेकोस्टेरॉल साचत होते. पटलातील स्टेरॉल बदलले की पेशी उष्णता सोसते, हे त्यातून दिसले. परके जनुक घालणे हा एकच मार्ग नाही, हेही स्पष्ट झाले.

यावरचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. असे वाण नेहमीच्या तापमानाला मंदावतात, हे त्याच गटाला पुढे आढळले. शिवाय तापमान वाढले की मद्यार्क पेशीला अधिक बाधतो. क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस ही जाती 45 अंशांवरही वाढते, तरी मद्यार्क सोसण्यात ती सेरेव्हिसीच्या मागे पडते. म्हणून बारमाही एकच वाण वापरण्याचा आग्रह टिकत नाही. उन्हाळ्यासाठी वेगळे वाण ठेवणे शक्य आहे. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करताना तर लाभ आणखी वाढतो : सेल्युलोज फोडणारी विकरे 50 अंशांच्या आसपास जोमदार असतात, त्यामुळे यीस्ट जितके अधिक तापमान सोसेल तितके सेल्युलोज फोडणे आणि किण्वन हे दोन्ही टप्पे एकाच टाकीत उरकणे सोपे.

महाराष्ट्र : अशा वाणांच्या कामासाठी राज्यात आधार आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तर पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे काम चालते.

मळीत क्षार असतात, त्यामुळे शुद्ध ग्लुकोजवरचे निष्कर्ष आसवनीला पुरत नाहीत. वाणाची खरी परीक्षा मे महिन्यात, स्थानिक मळीवर आणि पाण्याच्या मीटरसह व्हायला हवी.