भोंग्यानंतरची शाळा

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा शाळांच्या स्थापनेपासून आरंभ करतात. कोणती शाळा कोणत्या साली निघाली, तिला अनुदान किती मिळाले, किती मुले परीक्षेस बसली, हा त्यांचा मार्ग. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्यातल्या पुष्कळांचे शिक्षण ज्या वाटेने झाले तिला पट नाही, हजेरी नाही, दाखलाही नाही. म्हणून हा इतिहास आम्हांला दुसऱ्या टोकाकडून सांगावासा वाटतो. मुंबईच्या गिरणगावातली मुले शाळेबाहेर शिकून शहाणी झाली ती कशी, आणि त्यांना शिकायला वेळ मिळाला तो कुठून? यांतला दुसरा प्रश्न आमच्या मते आधी विचारला पाहिजे. विद्येला गुरू लागतो, पुस्तक लागते, हे खरेच. पण त्याआधी रिकामा तास लागतो, आणि तो तास कोणाच्या तरी ताब्यात असतो.

वसंत व्याख्यानमालेचेच उदाहरण घ्या. पुढे न्यायमूर्ती म्हणून नावाजलेले महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला. शाळा सुटली म्हणून शिकणे सुटू नये, कामधंद्यातल्या माणसांनी उन्हाळ्याच्या दिवसांत एकत्र जमून चार विचार ऐकावेत, ही कल्पना मोठीच होती. आपण आज येथे बसलो आहोत ते त्याच पुण्याईवर. पण त्या वर्षीच्या वसंतात मुंबईच्या गिरणीतला मजूर काय करीत होता? गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. जो ऋतू नोकरदाराला व्याख्यानाचा, तोच मजुराला सर्वांत जास्त तास राबण्याचा. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताचाही आडोसा गेला. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालत.

यात मुलेही होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असे ठरवले. हा कायदा दयेचा समजला गेला! सात वर्षांच्या पोराने नऊ तास राबावे ही तेव्हाची दया. १८९१ च्या कायद्याने वयाची अट नऊ वर्षांवर नेली व नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सातावर आणले. १९२२ साली बारा वर्षांखालील मुलांना बंदी झाली आणि बारा ते पंधराच्या मुलांना सहा तास ठरले. या तारखा शिक्षणाच्या इतिहासात सापडत नाहीत. आम्हांला त्या शाळांच्या स्थापनेइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

रात्रीच्या शाळेची कल्पना मात्र गिरण्यांच्या बरोबरीची आहे. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली व १८५६ साली चालू झाली. मधल्या वर्षी, १८५५ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरीच मजूर आणि शेतकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर मातीत वा ओझ्याखाली असलेली माणसे अंधार पडल्यावर पाटी घेऊन बसत. हेच जोतीराव १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देतात तेव्हा काय मागतात? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागतात. रात्रशाळा चालवणाऱ्यानेच सरकारजवळ दिवसाची शाळा मागितली, हे आम्हांला फार बोलके वाटते. अलीकडे काही मंडळी ‘जीवन हीच खरी शाळा’ असे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यांची स्वतःची मुले मात्र त्या शाळेत दिसत नाहीत. जोतीरावांनी रात्रशाळेचे असे कौतुक केले नाही. तिची गरज संपावी म्हणून ते झगडले.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी. गिरणीत स्टोअरकीपरचे काम केल्यामुळे मजुराचा दिवस कसा उगवतो व कसा मावळतो हे त्यांना ठाऊक होते. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी मुंबईतून चालवले. १८८४ साली परळला मजुरांच्या सभा भरवून त्यांनी जे निवेदन केले त्यावर साडेपाच हजार मजुरांची संमती होती. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. सहा वर्षे गेली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवार सर्वांचा आहे. बँकेतल्या साहेबालाही तो हवासा वाटतो. पण गिरणगावात भजनी मंडळे, आखाडे, जातवार व गाववार सभा, वाचनालये, नाटकाच्या तालमी यांना अंग धरायला जो दिवस मिळाला तो हा. शाळेबाहेरच्या शाळेला मिळालेले पहिले अनुदान आम्ही यालाच म्हणू, आणि ते सरकारने दिलेले नव्हते.

१९११ हे साल थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच १९११ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, मोफत वाचनालये, पेटीत पुस्तके घालून वस्त्यांतून फिरणारी ग्रंथालये हे तिचे काम. आणि त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचे तास बारावर आणले. बारा तास म्हणजे पहाटे भोंगा, संध्याकाळी भोंगा. मधल्या सुटीचा वेळ धरला की दिवस संपला. त्यानंतर दिव्याखाली बसून बाराखडी गिरवणारा सोळा वर्षांचा पोरगा पेंगत असेल तर त्यात नवल काय? तो येत होता हेच नवल.

लीगच्या कामाविषयी आम्हांला आदर आहे. तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. त्या शिक्षणात देणारा वर आणि घेणारा खाली असे. दारू पिऊ नका, स्वच्छता राखा, काटकसर करा. सगळा उपदेश रास्त, पण ऐकणाऱ्याने ऐकायचेच. गिरणगावाने स्वतःची म्हणून जी शाळा काढली ती गाळ्यातली. ज्यांनी गाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातल्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरकडच्या एकेका गावाने चाळीत एखादी खोली भाड्याने धरलेली असे. तिथे गावची वीस-पंचवीस माणसे वळकट्या टाकून राहत. एका पाळीची माणसे निघाली की दुसऱ्या पाळीची त्याच जागी आडवी होत. जेवण खानावळवालीकडे.

अशा गाळ्यात चार बुके शिकलेला एखादाच पोरगा असे, आणि सगळ्या गाळ्याची पत्रे त्याच्या हाती येत. विचार करा: पंधरा-सोळा वर्षांचे पोर, समोर बापाच्या वयाचा माणूस, आणि हातात गावाकडून आलेले कार्ड. त्यात बैल मेल्याचे असेल, कर्जाच्या तगाद्याचे असेल, कधी मूल गेल्याचे असेल. ते कोणाच्या देखत वाचायचे, कोणाला बाजूला नेऊन सांगायचे, कुठल्या ओळीवर थांबायचे हे त्याला कोणत्या मास्तराने शिकवले होते? मग उत्तर लिहायचे. सांगणारा रागाच्या भरात काहीबाही सांगणार. लिहिणाऱ्याने ते तसेच उतरवायचे की थोडे सौम्य करायचे? मनीऑर्डरचा फॉर्म भरताना कोण किती पाठवतो, कोण महिनोन्‌महिने काहीच पाठवत नाही, हेही त्याला कळे, आणि ते पोटात ठेवावे लागे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे तेही त्यानेच. ऐकणारे मधेच थांबवून विचारत, ‘म्हणजे काय रे?’ आणि उत्तर द्यावे लागे. गावकीच्या वर्गणीची वही त्याच्याकडे, आणि वर्षाच्या सभेत पै-पैचा हिशेब उभ्याने वाचून दाखवायचा. शाळेत उत्तर चुकले तर छडी बसते. गाळ्यात चुकले तर एखाद्याच्या घरी पैसे पोचत नाहीत. मुलगा मोठा होतो तो अशा ठिकाणी. कोणीतरी त्याच्यावर विसंबून असते, म्हणून.

मुलींच्या वाट्याला हे आले नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२०च्या दशकात गिरणीकामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांची पाळी सुटली की चूल सुरू होई. कायद्याने गिरणीतले तास कमी केले, चुलीचे कोणी केले नाहीत.

वाढत्या हिशेबी बुद्धीची परीक्षा १९२५ साली झाली. मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. टक्का म्हणजे काय हे हजारो मजुरांना त्या वर्षी कळले. साडेअकरा टक्के म्हणजे रुपयामागे दोन आण्यांना थोडे कमी. तीस रुपये पगार असेल तर तीन रुपये सात आणे गेले. वाण्याच्या नफ्यातोट्याची गणिते ज्यांना रात्रशाळेत सुटली नव्हती त्यांना हे गणित तत्काळ सुटले. संप झाला, डिसेंबरात सरकारने कापडावरील अबकारी जकात तहकूब केली, कपात मागे घेतली गेली. १९२८ साली मालकांची मागणी आली की दोनांऐवजी तीन साचे चालवा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्या लढ्यात निघालेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीकामगार. त्यांचे सोबती गोविंद रामचंद्र कासले हेही गिरणीतलेच. दोघेही पुढे मीरत खटल्यात आरोपी झाले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे साच्यांची संख्या, सुताचा नंबर, कामाचे दर यांवर महिनोन्‌महिने वाद चालला. गिरणीतला प्रश्न ज्याला कळतो त्याने तो परक्यापुढे मांडावा कसा, याचे शिक्षण देणारी संस्था तेव्हा एकच होती.

गिरणगावाच्या कडेने वाढलेला एक मुलगा आपणां सर्वांना माहीत आहे. भीमराव आंबेडकर परळच्या चाळीत एका खोलीत राहत, एल्फिन्स्टन हायस्कुलात जात, आणि शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांना हेरले, पुस्तके पुरवली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली व केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. दोनच वर्षांनी कामगार हितवर्धक सभा काढणाऱ्यांतले हे बोले. ज्या शाळाखात्याने या मुलाला संस्कृत शिकू दिले नाही, त्याचे उणे बागेतल्या बाकाने भरून काढले. डॉक्टर बाबासाहेबांनी ही गोष्ट विसरली नसावी: १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले.

अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची, हे आता भाषणाभाषणांतून सांगितले जाते व टाळ्या पडतात. वाटेगावचा हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईस आला, दुकानांच्या पाट्या व भिंतीवरच्या जाहिराती वाचत अक्षरे शिकला, गिरणीत राबला, आणि १९५९ साली त्याने ‘फकिरा’ दिली. नारायण सुर्वे गिरणीकामगाराच्या घरात वाढले, शाळेत शिपाई झाले, नंतर शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी नावच दिले ‘माझे विद्यापीठ’. आम्हांलाही या नावांचा अभिमान आहे. पण टाळ्या वाजवताना एक हिशेब मनात येतो: तेवढ्याच पाट्या वाचत तेवढेच चाललेली किती पोरे गर्दीत विरून गेली? शिवाय अण्णा भाऊंना माटुंग्याच्या लेबर कॅम्पात सोबती मिळाले, वाचायला पुस्तके मिळाली, १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक मिळाले. एकट्याने, नुसत्या प्रतिभेवर हे घडले असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

दरम्यान तास उतरत होते. १९२२ साली दिवसाला अकरा, १९३४ साली दहा, १९४६ साली नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस. १९५३ साली मुंबई कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. जसजसा तास सुटला तसतशी व्यायामशाळा भरली, कामगार नाटकांच्या स्पर्धा भरल्या, रात्रशाळेत बाकडी वाढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाविषयी आम्ही येथे बोलत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. बहुतेक गिरण्या नंतर बंद झाल्या, भोंगे थांबले, गाळे विकले गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. २०१० पासून चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. जोतीरावांच्या मागणीला तोवर १२८ वर्षे झाली होती. चौदाच्या पुढचा मुलगा मात्र पुन्हा रस्त्यावर आहे. दुचाकीच्या मागे पेटी बांधून तो लोकांच्या घरी जेवण पोचवतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदाराला भोंगा नसतो. म्हणून त्याचा दिवस केव्हा संपला हे कोणी सांगू शकत नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीत अशा पोरांचा एक वर्ग चालतो. ती मोबाईलवर दिवसभर वाचतात, पण ज्या करारावर बोट दाबून कामाला लागली तो कोणी वाचलेला नव्हता. म्हणून तोच पहिला धडा घेतला, एकेक कलम मोठ्याने वाचून, आणि वाचणारा त्यांच्यातलाच. दुसरा धडा हिशेबाचा: पेट्रोल, गाडीचा हप्ता, दंड वजा जाता तासाला काय पडते ते प्रत्येकाने वहीत मांडायचे. पावसाळ्यात वर्ग ओस पडतो, कारण पाऊस आला की ऑर्डरी वाढतात. त्यासाठी यंदा आम्ही त्याची वेळ बदलून रात्री साडेअकराची ठेवली आहे.