नगर आधीं, नकाशा मागून

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगानें थैमान घातलें, तेव्हां कोंदट वस्त्यांत वारा व उजेड खेळला पाहिजे हें सरकारास उमगलें. १८९८ त इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यानें वेड्यावांकड्या जमिनी एकत्र आणून, रस्त्यांपुरता भाग काढून, त्या मालकांस नव्यानें आंखून देण्याची सोय केली. १९६६ च्या कायद्यानें विकास-आराखड्याची ठराविक मुदतीनें फेरतपासणी आवश्यक ठरविली. तरीहि १९८१–२००१ या काळाचा मुंबईचा आराखडा १९९१ पासून टप्प्याटप्प्यानें मंजूर झाला. २०१४–३४ चा २०१८ सालीं अमलांत आला. घरें मात्र नकाशाची वाट पाहत नाहींत. क्रीडांगणासाठीं राखावयाच्या जागेवर एकदां इमारत उठली, कीं नकाशांतील हिरवा रंग व्यर्थ होय. मोठ्यांच्या दिरंगाईचें मोल मुलांनीं द्यावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.