इतिहासाची दुमडलेली पाने

शालेय इतिहासात समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना स्थान असावे, अशी मागणी पुढे आली की तिच्यावरचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : हा विषय पाश्चात्त्य आहे, महानगरी आहे, आपल्या मुलांशी त्याचा संबंध नाही. दुसरा आक्षेप व्यावहारिक असतो : अभ्यासक्रम आधीच जड झाला आहे, त्यात नवा धडा घालायचा कुठे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे इतकेच, की नव्या धड्याची गरजच नाही. ज्या धड्यांवर आपण वर्षानुवर्षे प्रश्न काढत आलो, त्यांच्याच पोटात हा इतिहास आहे. आपण पान अर्धे वाचतो आणि उरलेले दुमडून ठेवतो.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. अशा गावातला नववी-दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून तीन दुमडलेली पाने उलगडून पाहू.

पहिले पान मेकॉलेचे. १८३५ सालचा त्याचा शिक्षणविषयक खलिता प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. 'इंग्रजी शिक्षणाचा जनक' एवढ्यावर तो धडा संपतो. परंतु हाच मेकॉले पहिल्या विधी आयोगाचा अध्यक्ष होता आणि १८३७ मध्ये त्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा सिद्ध केला. पुष्कळ फेरफार होऊन ती संहिता १८६० मध्ये संमत झाली, १८६२ पासून अमलात आली. तिच्यातल्या कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला. ब्रिटनने आपल्या घरात १९६७ पासून ही भूमिका सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. तेव्हा पाश्चात्त्य काय म्हणायचे? ते संबंध, की त्यांना गुन्हा ठरवणारे हे कलम? हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.

दुसरे पान १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. विदर्भातल्या मुलांना हा कायदा परका नाही. पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी त्याने मारलेला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. परंतु त्या कायद्याला दुसरा भागही होता, हे सहसा सांगितले जात नाही. हा भाग हिजड्यांसंबंधी होता. मुलांना पळवण्याचा, खच्ची करण्याचा किंवा कलम ३७७ खालच्या गुन्ह्याचा नुसता संशय असला, तरी त्यांची नावे आणि मालमत्ता सरकारी वहीत नोंदवली जात. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकांचा वेश करून सार्वजनिक जागी वावरणे किंवा नाचगाणे करणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होती. तिला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवता येत नसे. हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, हे सांगितले पाहिजे. वऱ्हाड-नागपूरच्या नावावर तो सरसकट खपवू नये. पण एकाच कायद्याने भटक्या जमातींना आणि तृतीयपंथीयांना एका रांगेत उभे केले, ही गोष्ट विद्यार्थ्याला फार मोठे काही शिकवून जाते. माणूस काय करतो यापेक्षा तो कोण आहे, यावरून त्याला गुन्हेगार ठरवण्याची ती रीत होती.

तिसरे पान आपल्या अगदी घरातले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव शाळकरी मुलांना माहीत असते. त्यांच्या थोरल्या मुलाचे, रघुनाथरावांचे, क्वचितच. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. या मासिकात वाचक आपले प्रश्न लिहून पाठवीत आणि रघुनाथराव त्यांना सरळ उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. मुंबईच्या न्यायालयात रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पुणे करार १९३२ चा. मुलांना ही साले तोंडपाठ असतात. १९३४ चे हे साल मात्र त्या ओळीत येत नाही. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लेखन आपोआप अश्लील ठरत नाही; लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे; ज्याला विकृती म्हटले जाते तिच्यावरचा उपायही ज्ञानच आहे, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. समलिंगी आकर्षणासंबंधी त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला ते हरले, रघुनाथरावांना दंड झाला. पण हरलेला खटलाही इतिहासच असतो.

येथे एक सावधगिरी हवी. रघुनाथराव किंवा बाबासाहेब आजच्या अर्थाने समलिंगी हक्कांच्या चळवळीचे पुरस्कर्ते होते, असे म्हणणे हा कालविपर्यास होईल. त्यांचा लढा मुख्यतः जाणून घेण्याच्या हक्काचा होता. आजचे शब्द कालच्या तोंडी न घालणे, ही इतिहासाच्या शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी मराठीच्या शिक्षकाने त्याच्या मदतीला जावे. 'तृतीयपंथी', 'समलिंगी' हे शब्द आपल्या भाषेत कसे रुळले, त्याआधी कोणते शब्द होते, त्यांतले कोणते नुसते वर्णन करणारे आणि कोणते शिवी म्हणून वापरले जाणारे, हा भाषेचाच अभ्यास आहे. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आले, लक्ष्मी त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत आले. या दोन सालांमधले अंतरही वाचता येते.

वर्ध्याला तर या पद्धतीचा वारसाच आहे. ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून येथे नयी तालीमची मांडणी झाली. शिक्षण मुलाच्या भोवतालाशी जोडलेले असावे, हा तिचा गाभा. कामवासनेबाबत स्वतः गांधीजींचा भर संयमावर होता, कृत्रिम संततिनियमनाला त्यांचा विरोध होता. रघुनाथरावांची भूमिका याच्या नेमकी उलट. दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवाव्यात आणि वाद त्यांना करू द्यावा. ग्रामपंचायतीचा धडा शिकवताना जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या अंजली पाटील यांचे उदाहरण घ्यावे. महिलांच्या जागेसाठीचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला, जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडून आल्या. प्रभाग, आरक्षण, छाननी हे शब्द खेड्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाहीत.

अडचणी नाहीत असे नव्हे. २०२१ च्या अखेरीस एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशनासाठी शिक्षकांकरिता एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आक्षेप येताच थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून घेतली गेली. वस्तुतः तृतीयपंथी व्यक्तींना भेदभावाविना सर्वसमावेशक शिक्षण देणे २०१९ च्या कायद्यातील कलम १३ ने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केले होते. राष्ट्रीय संस्थेची ही गत, तर खेड्यातल्या शिक्षकाने काय करावे? त्याची भीती खोटी नाही. म्हणूनच नव्या पुस्तिकेची वाट पाहण्यापेक्षा जुन्या धड्यांचा आधार अधिक भक्कम आहे. मेकॉले, १८७१ चा कायदा आणि बाबासाहेब यांना अभ्यासक्रमाबाहेरचे कोण म्हणणार?

प्रश्न अखेर वर्गातल्या एका बाकाचा आहे. मधल्या सुट्टीत 'बायल्या' म्हणून ज्याची टर उडवली जाते, तो मुलगा तासाला शांत बसलेला असतो. आपल्यासारखी माणसे पूर्वी कधी होती का, हे तो कुणालाही विचारत नाही. १९३४ पूर्वी कुणीतरी टपालाने असेच काही विचारले होते आणि त्याला उत्तर देणाऱ्याने दंड भरला होता. ही एवढी हकिकत, कोणाकडे बोट न दाखवता, इतिहासाच्या तासाला सांगितली गेली, तर त्या मुलाला ती ऐकू जाईल. त्याची टर उडवणाऱ्यांनाही.