अवधानभंग

अवधानभंग : हाती घेतलेल्या कामावरून लक्ष दुसऱ्या उद्दीपकाकडे ओढले जाणे. उद्दीपक बाहेरचा असतो (आवाज, हालचाल, मोबाइल) किंवा मनातला (काळजी, भूक). पतंजलींच्या योगसूत्रांत संशय, आलस्य आदी नऊ चित्तविक्षेप दिले आहेत. म्हणजे लक्ष भरकटण्याची तक्रार मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे.

अवधानाची क्षमता मर्यादित असते. दोन कामे एकदम करताना लक्ष बहुधा आलटून पालटून फिरते. त्यात वेळ जातो, चुका वाढतात. मानसशास्त्रज्ञ सायमन्स व शाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगात चेंडूच्या फेका मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिला-वेशधारी दिसलाच नाही. म्हणजे डोळे उघडे असणे पुरेसे नाही.

रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर (ता. श्रीवर्धन) येथे अवधानभंगाचे धोकादायक रूप दिसते. हरिहरेश्वराच्या देवळामागून पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. शेवाळलेल्या खडकावर पाय, पाणी व परतीची वाट या तिन्हींकडे लक्ष हवे. सेल्फी घेणारा नेमका समुद्राला पाठ करून उभा राहतो. पर्यटक लाटेत ओढले गेल्याच्या दुर्घटना येथे घडल्या आहेत. सूचनाफलकाचा उपयोगही बेताचाच, कारण तो वाचायलाही अवधान लागते; भरतीच्या वेळी वाट बंद ठेवणे अधिक परिणामकारक.