कृषक (लासलगाव)

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील अन्न-विकिरण प्रकल्प. पूर्ण नाव ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’. कांदा साठवणुकीत टिकावा म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणू संशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी तो उभारला. भारतात कांदा-बटाट्याच्या विकिरणाला कायद्याने परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये. त्यानंतर हे तंत्र देशातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारपेठेच्या दारात नेऊन चालवून दाखवणे, हा प्रकल्पामागचा हेतू.

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्याच्या गाभ्यातील कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबवतात. त्यासाठी १०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतकीही मात्रा लागत नाही आणि कांदा किरणोत्सारी होत नाही. मात्र काढणीनंतर सुकवलेला कांदा सुप्तावस्थेत असतानाच हे करावे लागते. कोंब हलू लागला की किरणांचा उपयोग उरत नाही.

अडचण इथेच आली. उन्हाळ कांदा थोड्या आठवड्यांत एकदम निघतो, एरवी यंत्राला काम नाही. शिवाय विकिरणाने फक्त कोंब थांबतात. सड आणि वजनातली घट कायम राहते, म्हणून शीतगृहाची जोड हवी. भाव कधी कोसळेल याचा नेम नसताना वाहतूक, विकिरण आणि शीतगृह असा तिहेरी खर्च कोण करणार? शेतकऱ्याने आपली हवेशीर कांदाचाळच पसंत केली. याला त्याचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे. त्याचा हिशेब चोख होता.

प्रकल्पाचे नाव झाले ते आंब्याने. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या धास्तीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद ठेवले होते. ४०० ग्रे मात्रेत या किडींची पुढची पैदास थांबते. अमेरिकी कृषी खात्याने ‘कृषक’ला मान्यता दिली आणि एप्रिल २००७ मध्ये येथून विकिरणित हापूस-केसर अमेरिकेला रवाना झाला. कोकणचा हापूस घाट चढून कांद्याच्या गावी यायचा आणि विमानासाठी पुन्हा मुंबईला उतरायचा! हा वळसा परवडला, कारण विकिरणाशिवाय तिकडे प्रवेशच नव्हता. पुढे राज्य कृषी पणन मंडळाने वाशीत सुविधा उभारल्यावर निर्यातदारांना जवळची सोय झाली.

विकिरणावर देखरेखीसाठी अमेरिकी निरीक्षक भारतात येत. करोनाकाळात त्यांचा प्रवास थांबला, तेव्हा यंत्रणा जागेवर असूनही २०२० व २०२१ मध्ये भारतातून अमेरिकेला होणारी आंबा निर्यात बंद राहिली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.